मालकीणबाईचं माप

मालिकेतली बाई खंबीर झाली की सगळ्यात आधी तिला खांदे फुटतात. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ते खांदे मी शिवायचो. चाळीसाव्या भागापर्यंत ती मऊ, झुळझुळीत कपड्यांत घरभर रडत फिरते. एक्केचाळिसाव्या भागात नवरा नाहीतर सासरा तिचा चारचौघांत अपमान करतो आणि बेचाळिसाव्या भागात ती कोट घालून जिना उतरते. मधल्या काळात ती कुठे गेली, काय शिकली, कुणाकडे राहिली, हे विचारायचं नसतं. मधल्या काळात एवढंच घडलेलं असतं की आमच्या दुकानातला फोन वाजतो आणि पलीकडून ड्रेसदादा म्हणतो, "मास्तर, बाई उद्यापासून खंबीर. चार कोट लागतील. पॅड जरा जाड टाका."

ड्रेसदादा म्हणजे मालिकेच्या कपड्यांचा माणूस. नवे कपडे न्यायचे, जुने आणायचे, फाटलेले शिवून घ्यायचे आणि इकडचं तिकडे सांगताना त्यात स्वतःची थोडी भर घालायची, हे त्याचं काम. शेवटचं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं, ते तो हौसेने करायचा.

त्या बाईला मालिकेत सगळे मालकीणबाई म्हणायचे. तिची एक मोठी कंपनी होती. कंपनीत काय बनतं ते तीन वर्षांत कुणी दाखवलं नाही, पण ते घेऊन पळून जायला सगळे टपलेले असायचे. मालकीणबाई रोज साडेसातला कुणाला ना कुणाला तरी दारात उभं राहून सुनवायची. ती कधी बसायची नाही. तिच्या कोटाला खिसे नसायचे, नुसती खिशाची झाकणं शिवायची, म्हणजे आकार बिघडत नाही.

मालिकेत अशी गोष्ट चाळीस भाग दडवतात आणि शुक्रवारी फोडतात. मी आधीच फोडून टाकतो. या गोष्टीत माझी बायको आजारी आहे. ते सगळ्यात आधी मी शिवलेल्या कोटांना कळलं आणि सगळ्यात शेवटी मला. चाळीस वर्षं गळ्यात टेप अडकवून फिरलेल्या माणसाला.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मागे स्वयंपाकघर आणि निजायची खोली, मध्ये पडदा. मूलबाळ नाही, त्यामुळे घरात आवाज दोनच, एक मशीनचा आणि एक हिचा. मशीनचा आवाज जरा बदलला तर मी उठून तेल घालायचो. ही काज-बटणं आणि तुरपाई करायची. लग्नाआधी हेच काम दुसऱ्या एका शिंप्याकडे करायची. मी तिला लग्न करून नेलं त्याचं त्याला काही वाटलं नाही, पण काजं पाडणारी बाई नेली हे तो शेवटपर्यंत विसरला नाही.

पहिल्या चार कोटांच्या वेळी मॅडमना ट्रायलला यायला वेळ नव्हता. मॅडम म्हणजे मालकीणबाईचं काम करणारी नटी. मालकीणबाई कोट घालून मिरवते, मॅडम तो दिवसाचे तेरा तास सोसते, असा दोघींतला फरक. मॅडमची मापं एका चिठ्ठीवर आली. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, सीट सदतीस. मी शिवलं. बटणांची रेघ सरळ येते का बघायला हिने पहिला कोट अंगात घातला, आणि तो असा बसला की जणू तिच्यासाठीच कापलेला.

ही आरशासमोर उभी राहिली, एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. "बघा, निघाले मी कंपनी चालवायला."

"कसली कंपनी?"

"ते तिला तरी कुठे माहीत आहे?"

मी टेप लावून बघितलं. चौतीस, अठ्ठावीस, सदतीस. हिची पन्नाशी उलटलेली, मॅडम जेमतेम तिशीतल्या. कापड वेगळं, कटिंग एक. ही त्या दिवशी दोनदा चहा प्यायली आणि दोन्ही वेळा मला म्हणाली की वाढत्या वयात असं माप टिकवणं सोपं नसतं. कपडे अडकवून बघायला एक पुतळा विकत घ्यायचं माझ्या मनात होतं, ते मी सोडून दिलं. ड्रेसदादालाही सोयीचं झालं. कोट शिवायचा, हिच्या अंगावर चढवायचा, जिथे कमी-जास्त वाटेल तिथे टाचण्या लावायच्या, तसं करून पाठवून द्यायचा. मॅडमना ट्रायलची कटकट नाही. दोन वर्षं सव्वाशेच्या वर कोट गेले आणि एकही परत आला नाही.

यात मी एक नियम पाळत होतो. माझ्या उस्तादाने मला मारून मारून शिकवलं होतं की वही आणि अंग यांत फरक पडला तर अंगाचं ऐकायचं. वहीतलं माप जुनं होतं. फक्त कुणाच्या अंगाचं ऐकतोय ते लक्षात ठेव, हे त्याने शिकवलं नाही. त्याला ते सांगायची गरज वाटली नसावी.

तिसऱ्या वर्षी एक निळा कोट शिवला. वहीप्रमाणे शिवला आणि हिच्या कंबरेत तो अर्धा इंच सैल झाला. मी कापडाला दोष दिला. सैल विणीचं कापड, ओढ घेतली असेल. बाजूच्या शिवणीत टाचण्या लावायला लागलो. ही हात वर करून उभी होती.

"अहो, पोटात जड जड वाटतंय. दोन-तीन आठवडे झाले," ही म्हणाली.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात धरलेल्या शिंप्याला एकच अक्षर बोलता येतं. "हूं," मी म्हणालो आणि हात आणखी जरा वर घे अशी खूण केली.

आठवड्याने ड्रेसदादा तो कोट घेऊन आला. मालकीणबाई जिन्यावर उभी राहून म्हणत होती, 'मी कुणापुढे झुकणार नाही', आणि झुकली नसतानाही मधलं बटण तुटून सासऱ्याच्या चष्म्यावर बसलं. सगळं युनिट हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"बटण हिने लावलेलं आहे," मी म्हणालो. "हिचं बटण कोट फाटला तरी निघत नाही. मॅडमना म्हणावं, जरा जेवणावर लक्ष ठेवा."

ड्रेसदादाने हे सेटवर पोचवलं तेव्हा त्याचं असं झालं होतं की मास्तर म्हणतात, मॅडमसाठी आता टेप जोडून घ्यावी लागते. मॅडमनी संध्याकाळचं जेवण सोडलं.

पुढचा कोट राखाडी. तोही हिच्या अंगावर सैल झाला, मी आत घेतला, तोही तिकडे घट्ट झाला. मॅडमनी सकाळचा नाश्ता सोडला. मग तपकिरी. इकडे सैल, तिकडे घट्ट. ड्रेसदादा म्हणाला, "मास्तर, मॅडम नुसत्या काकडीवर आहेत हो."

"मग काकडी मोठी असेल," मी म्हणालो. मागून ही हसली नाही. एरवी माझ्या अशा बोलण्यावर ही पडद्याआडूनही हसायची. हे मला आता आठवतं. तेव्हा वाटलं, ऐकू गेलं नसेल.

त्याच सुमाराला मालकीणबाई आजारी पडली. मालिकेचे आकडे घसरले होते, आणि आकडे घसरले की बाईला एकतर जुळं होतं नाहीतर दुखणं होतं. मालकीणबाईला पोटाचं दुखणं दिलं. खंबीर बाई असल्यामुळे ते तिने कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. सगळे पाठमोरे झाले की ती क्षणभर पोटावर हात ठेवायची, खिडकीपाशी जायची, बाहेर बघायची, डाव्या डोळ्यातून एकच थेंब काढायची. उजवा डोळा कोरडा, कारण उजव्या बाजूने कुणी येण्याची शक्यता असायची. कुणी आलंच तर वळून म्हणायची, 'कंपनीचे कागद आणा.' आकडे भराभर वर गेले.

आम्ही दोघं ते रोज बघायचो. मी खुर्चीवर, ही पलंगाच्या कडेला, हातात तुरपाई. मला त्या मालकीणबाईच्या नवऱ्याचा फार राग यायचा.

"याला डोळे आहेत की नुसती काजं पाडलीत?" मी म्हणायचो. "बायको समोर सुकत चाललीय आणि हा फायली बघतोय."

"असेल कामात," ही म्हणायची.

"कसलं काम? बघ, बघ, आत्ता तिने हात ठेवला. दिसतंय ना आपल्याला इथून? मग त्याला तिथून दिसू नये?"

"तुम्हाला कॅमेरा दाखवतो ना, म्हणून दिसतं."

एकदा भाग अगदी रंगात आला होता. मालकीणबाई सभेत भाषण करता करता थांबली, टेबलाची कड धरली. हिने दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, मला बरं वाटत नाही. काल उलटी झाली, परवा पण झाली."

"ब्रेकमध्ये सांग," मी म्हणालो.

ब्रेक लागला तेव्हा ड्रेसदादाचा फोन आला, काळ्या कोटाच्या अस्तराबद्दल. फोन संपला तेव्हा मालकीणबाई टेबलाची कड सोडून भाषण पुढे चालू करत होती. हिने सुईत दुसरा दोरा ओवला होता.

आणखी एकदा, सकाळी, कपडे वाळत घालताना ही म्हणाली, "माझं वजन उतरलंय वाटतं. बांगड्या कोपरापर्यंत जातात."

"चांगलंय की," मी म्हणालो. "मॅडमना सांग कसं जमवलंस. त्या बिचाऱ्या काकडीवर आहेत."

मला तो विनोद चांगला वाटला होता. मी तो ड्रेसदादालाही ऐकवला.

पाचवा कोट घट्ट झाला तेव्हा मॅडम स्वतः आल्या. दुपारची वेळ होती. दुकानासमोर गाडी थांबली आणि मालिकेत जी बाई जिना उतरते ती आमची एकच पायरी चढताना दाराला धरून चढली. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली रंगाचा थर. कोट हातावर टाकलेला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी तीन महिने पोटभर जेवलेले नाही. सेटवर सगळे मला बघून पोट आत घेतात. आज तुम्ही माझं माप घ्या. माझ्या अंगावर. आणि मला सांगा मी कुठे वाढलेय."

मी टेप काढली. तीन वर्षं त्यांचे कपडे शिवले आणि त्यांना टेप पहिल्यांदा लावत होतो. छाती तेहतीस. कंबर सव्वीस. सीट साडेपस्तीस. मी परत लावली. तेच. वहीत बघितलं, तिथे अठ्ठावीस. बाई दोन इंचांनी उतरली होती आणि माझा कोट तिला लागत नव्हता. कोट टेबलावर पसरून मोजला. साडेचोवीस.

"साडेचोवीस कंबर कुणाची आहे?" मॅडमनी विचारलं. त्या भांडायला आल्या होत्या, पण हे त्यांनी नुसतंच विचारलं.

पडदा बाजूला झाला. ही चहाचे दोन कप घेऊन आली होती. तिने कप टेबलाच्या कडेला ठेवले आणि ठेवून झाल्यावर हात टेबलावरच राहू दिला.

"जरा उभी राहा," मी म्हणालो.

"नवा कोट?" म्हणत ही नेहमीसारखी हात वर करून उभी राहिली.

मी टेप तिच्या कंबरेला घातली. टेप जिथे थांबायची तिथे थांबली नाही. पुढे आली, आणखी पुढे आली. तेवीस. त्या कोटानंतरही दीड इंच गेला होता. कपड्याच्या आत मला तिची हाडं लागली. हे सगळं मी बोटांनी रोज चाचपत होतो, रोज, टाचण्या लावत. मला वाटायचं मी कोट चाचपतोय.

"किती?" हिने विचारलं.

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

"मग कोटच चुकला असेल," ही म्हणाली आणि हात खाली घेतले.

मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांना टेपवरचा आकडा दिसला होता. त्यांनी चहाचा कप उचलला, तीन महिन्यांनी साखरेचा चहा प्यायल्या, आणि जाताना मला दाराशी हळूच म्हणाल्या, "उद्या सकाळी गाडी पाठवते. काकूंना डॉक्टरांकडे न्या. माझ्या ओळखीचे आहेत. कोट राहू दे."

तपासण्यांना आठ दिवस लागले. आठव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. वयाने आमच्यापेक्षा पुष्कळ लहान. एका चित्रावर पेनाने दाखवत त्यांनी सांगितलं की पोटातलं आता पोटापुरतं राहिलेलं नाही. कापून उपयोग नाही. औषधांनी दुखणं कमी ठेवता येईल. किती दिवस हे विचारल्यावर ते म्हणाले, महिन्यांत बोलू या, वर्षांत नको. मग पेनाचं टोपण लावलं आणि जरा चिडून विचारलं, "इतकं होईपर्यंत काय करत होतात? यांनी घरात काहीच सांगितलं नाही?"

माझी मान खाली गेली. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "मीच अंगावर काढलं हो. आम्हा बायकांची सवय."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं. त्यांच्याही घरी साडेसातला टीव्ही लागत असणार.

घरी जायला बसमध्ये बसलो. हिला खिडकी दिली. दोन थांबे गेले. ती बाहेर बघत होती, म्हणून मला वाटलं रडत असेल. ती दुकानांच्या पाट्या वाचत होती.

"तिथे तुमची लाज राखली," ती म्हणाली. "पण तुम्ही ते खरं धरून बसू नका. मी अंगावर काढलं नाही. मी सांगितलं होतं."

"हो."

"एकदा नाही, तीनदा. टाचण्या लावताना सांगितलं. मालिका चालू असताना सांगितलं. बांगड्यांचं सांगितलं. मी काय मालकीणबाई आहे लपवायला? मला दुखलं की मी सांगते. लहानपणापासून सांगते. आमच्या घरी सगळे म्हणायचे, ही फार कुरकुर करते."

"तू चौथ्यांदा का नाही सांगितलंस?" मी विचारलं. असा प्रश्न मी विचारला, हे लिहिताना मला लाज वाटते, पण विचारला.

"त्या बाईच्या नवऱ्यावर तुम्ही एवढे चिडायचात," ती म्हणाली. "मला वाटलं, हा माणूस मूळचा वाईट नाही. आज ना उद्या लक्षात येईल त्याच्या."

आमचा थांबा आला. मी आधी उतरलो आणि हात दिला. तिने तो धरला आणि सगळा भार त्यावर टाकला. भार असा नव्हताच.

मॅडम त्यानंतर दर आठवड्याला यायला लागल्या. म्हणायच्या ट्रायलला आले, पण बसायच्या पलंगापाशी, हिच्या पायांशी. हिने त्यांना पहिल्याच दिवशी झापलं.

"तुम्ही ते दुखण्याचं काम फार चुकीचं करता," ही म्हणाली.

"काय चुकतं, काकू?"

"दुखणारं माणूस खिडकी नाही शोधत. खुर्ची शोधतं. तुम्ही दुखायला लागलं की चालायला लागता. आणि एवढी मोठी कंपनी आहे, नोकरचाकर आहेत, एकालाही म्हणत नाही की मला जरा धर. हे धाडस नाही हो. हा मूर्खपणा आहे."

मॅडमनी हे दिग्दर्शकाला जाऊन सांगितलं. एका प्रसंगात त्या खरंच खुर्चीवर बसल्या आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला म्हणाल्या, 'मला खूप दुखतंय, आज तू घरी थांब.' नटाला पुढे काय बोलायचं ते सुचेना, कारण त्याला तीन वर्षांत असं कुणी काही सांगितलंच नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, मॅडम, छान होतं, पण खंबीर बाई बसत नाही. परत घेऊ. परत घेतलं. त्यानंतर अकराव्या भागात मालकीणबाई बरी झाली. कशाने ते दाखवलं नाही. लाल कोट घालून जिना उतरली. तो कोट दुसऱ्या शिंप्याने शिवलेला होता, बाहीला मुंढ्यात सुरकुती होती. मी शिवणकाम थांबवलं होतं. ड्रेसदादा आठवड्यातून एकदा यायचा, दारात उभा राहायचा, "वहिनी काय म्हणतात?" विचारायचा आणि पहिल्यांदाच आमच्याकडचं तिकडे नेताना त्यात काही भर घालत नव्हता.

शेवटच्या दोन महिन्यांत हिला मोठा आवाज सोसेना. मी टीव्ही बंद करायला गेलो तर म्हणाली, "बंद नका करू. आवाज तेवढा बंद करा. ती काय म्हणते ते मी सांगते."

साडेसात वाजले. मालकीणबाई दारात उभी राहिली, कंबरेवर हात, समोर दीर, जाऊ, वकील आणि दोन परके पुरुष. तिचे ओठ हलायला लागले. पलंगावरून ही सावकाश, मालकीणबाईच्या सुरात म्हणाली, "माझी चप्पल कुणी घातली?"

मी इतका हसलो की खुर्ची सरकली.

वकील काहीतरी बोलला. ही वकिलाच्या जाड आवाजात म्हणाली, "मी नाही घातली. मला होत नाही."

मग आमचं ते रोजचंच झालं. मालकीणबाईने मुठी आवळून भरसभेत तोंड उघडलं की ही म्हणायची, "आज स्वयंपाक मी करणार नाही." मालकीणबाई खलनायकाच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली की ही म्हणायची, "अहो, जरा पाठ खाजवा, हात पुरत नाही." पहिल्या वेळी मी त्यावरही हसलो. मग हिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मी उठलो आणि पाठ खाजवली.

तिथून पुढे मालकीणबाई जे म्हणेल ते मी करायचो. मालकीणबाई जावेला घराबाहेर काढायची आणि म्हणायची, "उशी खाली गेलीय." मी उशी वर घ्यायचो. मालकीणबाई कागदांवर सही करायची आणि म्हणायची, "पाणी. पूर्ण पेला नको, अर्धा." मालकीणबाई नवऱ्यापासून तोंड फिरवायची आणि म्हणायची, "ही खिडकी लावा, बाहेरच्या दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो. आणि तुम्ही जेवलात का?" एकदा मालकीणबाई एकटीच जिन्यावर उभी होती आणि म्हणाली, "मला भीती वाटते." मी पलंगावर जाऊन हिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "मी नाही म्हणाले, ती म्हणाली." मी म्हणालो, "मी तिच्याच शेजारी बसलोय." भाग संपला तरी उठलो नाही.

मेव्हणी मदतीला आली होती. तिला वाटायचं, या दोघांचं डोकं फिरलंय, आवाज बंद करून बघतात आणि हसतात.

त्या दिवशी मंगळवार होता. सकाळपासून हिचा डोळा लागत होता, उघडत होता. डॉक्टर येऊन गेले, औषध वाढवलं. मेव्हणी स्वयंपाकघरात होती. साडेसातला मी टीव्ही लावला, आवाज बंद केला, खुर्ची पलंगाला चिकटवून बसलो.

मालकीणबाईला त्या दिवशी मोठं भाषण होतं. कंपनीचं काहीतरी, लोक टाळ्या वाजवत होते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला आणि ओठ हलायला लागले. मी हिच्याकडे वळलो.

"काय म्हणतेय गं?" मी विचारलं.

डोळे मिटलेले होते. ओठ किंचित उघडे, कोरडे. श्वास चालू होता, मध्ये फार वेळ थांबून पुढचा येत होता.

भाषण लांबलं. ती बाई बोलतच होती, हात वर करत होती, लोक उभे राहत होते. मी थोडा वेळ वाट बघितली. मग उठलो. उशी वर घेतली. अर्धा पेला पाणी आणून कापूस बुडवून ओठांवर फिरवलं. खिडकी लावली. मेव्हणीला हाक मारून सांगितलं की मी जेवलोय, मला वाढू नकोस. मग पलंगावर चढलो, हिला अलगद कुशीवर घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. ती मला कुठे खाजवायला सांगायची ते मला ठाऊक झालं होतं. डाव्या खांद्याच्या खाली, जरा आत. तिथे बोटं फिरवत राहिलो.

श्वास एकदा आला. मग बराच वेळ मी पुढच्याची वाट बघत होतो.